विंडोज ११ मध्ये आवाजाच्या यादीत सगळी नावं सारखीच दिसतात, ती बदलता येतात का?

हो, येतात. सेटिंग्ज, सिस्टीम, साउंड असं जा, उपकरणावर क्लिक करा. नावाजवळच ‘रीनेम’ दिसेल. नेमकं कुठलं हे कळत नसेल तर आधी ‘टेस्ट’ दाबून आवाज कुठून येतो ते ऐका.

कंपनीचं नाव देऊ नका, जागेचं द्या: ‘टेबलावरचे स्पीकर’, ‘मीटिंगचा हेडफोन’. घाईत तेच चटकन सापडतं. ‘स्पीकर्स (रिअलटेक ऑडिओ)’ यातला कंसातला भाग ड्रायव्हरकडून, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडून येतो, तो तसाच राहतो. बदलतो फक्त आधीचा शब्द. म्हणून वेगळेपण तिथेच आणा.

एचडीएमआयने जोडलेला मॉनिटर आपलं मॉडेलचं नाव घेऊन यादीत येतो; मॉनिटरला स्पीकर नसतील तर ते उपकरण सरळ बंद करून टाका, यादी तेवढीच मोकळी होते.