फ्रेंच क्रांतीवरची जुनी व्यंगचित्रं वाड्याच्या भिंतीवर लावायची आहेत. किती मोठी छापू? खालची ओळ कापू का?

तुमचा वाडा साताऱ्यात, हॉल मोठा, आणि रोबेस्पियर-नेपोलियनची टर उडवणारी इंग्रजी व्यंगचित्रं 3 × 4 फुटांची करून लावायची आहेत. सजावटकार म्हणतो की खालची बारीक अक्षरं कापा, कागदाचा पिवळेपणा काढा, म्हणजे भिंत 'क्लीन' दिसेल.

आधी अक्षरांचं बोलू. कापू नका. या एका ओळीवरून सजावटकारांशी माझं जुनं भांडण आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

त्या काळच्या इंग्रज व्यंगचित्रकार जेम्स गिलरेचं 'द झेनिथ ऑफ फ्रेंच ग्लोरी' घ्या. दिव्याच्या दांडीवर बसून एक अर्धनागडा क्रांतिकारक फिडल वाजवतोय, शेजारी धर्मगुरू फासावर लटकलेत, खाली गिलोटिन, मागे चर्च पेटलंय. तळाशी तारीख आहे 12 फेब्रुवारी 1793. फ्रान्सचा राजा सोळाव्या लुईचं डोकं उडालं 21 जानेवारीला आणि फ्रान्सनं इंग्लंडविरुद्ध युद्ध पुकारलं 1 फेब्रुवारीला. लंडनच्या गिऱ्हाइकानं ते चित्र विकत घेतलं तेव्हा युद्ध दोन आठवड्यांचंही नव्हतं. त्याचंच 'पती सुपे' नावाचं चित्र, ज्यात पॅरिसचं एक कुटुंब माणसं भाजून खातंय, 20 सप्टेंबर 1792 चं आहे. त्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पॅरिसच्या तुरुंगांत कत्तली झाल्या होत्या. तारीख कापून ही चित्रं लावणं म्हणजे मुहूर्ताची ओळ कापून लग्नपत्रिका वाटणं.

शिवाय ती ओळ कुणी हौसेनं घातलेली नाही. चित्रकार होगार्थच्या खटपटीनं इंग्लंडात 1735 साली कायदा झाला. प्रत्येक छापावर मालकाचं नाव आणि प्रकाशनाची तारीख असेल तरच 14 वर्षांचा छपाईचा हक्क मिळायचा. गिलरेच्या बहुतेक चित्रांवर 'एच. हम्फ्री' दिसतं ते म्हणूनच. हॅना हम्फ्री ही त्याची प्रकाशक, तिच्या दुकानाच्याच घरात तो राहायचा.

पिवळेपणाचं उत्तर कागदावर अवलंबून आहे. पांढऱ्या कागदावर छापणार असाल तर स्कॅनमधला पिवळसर रंग राहू द्या. क्रीम कागद घेणार असाल तर तो काढून टाका. दोन्ही ठेवले की चित्र चहात बुडवल्यासारखं येतं. रंग मात्र 'सुधारू' नका. ही चित्रं तांब्याच्या पाटीवरून काळ्या शाईत छापून नंतर हातानं रंगवलेली असत, म्हणून एकाच चित्राच्या दोन प्रतींत कोटाचा रंगही वेगळा सापडतो. खरा रंग असा नसतोच.

आता आकार. मूळ चित्रं साधारण 10 × 14 इंचांची आहेत, हातात धरून वाचायची. 3 × 4 फुटांना नुसत्या 150 पिक्सेल प्रति इंचानंही 5400 × 7200 पिक्सेल लागतात. तेवढी फाइल मिळाली तरी सुईनं ओढलेल्या बारीक छायारेषा मोठ्या होऊन गजांसारख्या दिसतात. एआयनं मोठं करण्याचा तर विचारच नको. अक्षरांची भलतीच अक्षरं होतात आणि छायारेषांचं जाळं वितळतं. मूळ आकारातच छापा. त्याला 300 पिक्सेल प्रति इंचानं 3000 × 4200 पुरतात, आणि 13 × 19 इंचाच्या कागदावर चारी बाजूंनी समास उरतो. मोठी भिंत भरायची तर एक राक्षसी चित्र नको, सहा-आठ छोटी लावा.

फाइल पेन ड्राइव्हवर न्या. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवली की आकसते. फ्लेक्सवाल्याकडे जाऊ नका, कॅनव्हासही नको, त्याच्या विणीत रेषा हरवतात. मॅट कागद, 200 ते 300 जीएसएम (कागदाचं वजन), आणि पिगमेंट शाई, एवढं नीट विचारून घ्या. डाय शाई उन्हात लवकर उडते.

फ्रेमवाला प्रिंट सनबोर्डवर पूर्ण चिकटवून देतो म्हणेल. नको म्हणा, पावसाळ्यात फुगे येतात. वरच्या कडेला दोन ठिकाणी खळीनं पातळ कागदी बिजागरी लावून प्रिंट लटकती ठेवायची. फेविकॉल आणि सेलोटेप दोन्ही वर्ज्य. ॲसिड-फ्री माउंट (प्रिंटभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) अडीच इंच, खालून तीन. माउंटची खिडकी कागदावर उमटलेल्या तांब्याच्या पाटीच्या खुणेबाहेर पाव इंच कापायला सांगा, म्हणजे ती ओळही आत राहते. काच प्रिंटला टेकता कामा नये, दमटपणात कागद चिकटतो. मागे प्लाय नको, सनपॅक शीट घालून कडा कागदी टेपनं बंद करा, नाहीतर कसर आत शिरते. खालच्या दोन कोपऱ्यांवर बुचाचे तुकडे लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांत हवा खेळेल. पावसाची झड खाणारी पश्चिमेची भिंत सोडाच. मातीच्या जोडाईत खिळा ठोकला तर ढेपळा निघतो, तिथे लाकडी गुल्ली बसवून स्क्रू घ्या.

क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या मुलखात क्रांतिकारकांची टिंगल भिंतीवर का, असं पाहुणे विचारणारच. प्रश्न रास्त आहे. गिलरे 1797 पासून ब्रिटिश सरकारचं पेन्शन घेत होता, ठेंगणा नेपोलियनही त्याच्याच कारखान्यातला. खरा नेपोलियन साडेपाच फुटांच्या वर होता. म्हणून प्रत्येक फ्रेमखाली मराठीत दोन ओळींची पट्टी लावा: कुणी काढलं, कधी, कोणत्या बाजूनं. सजावटकार त्यालाही नाक मुरडेल. मुरडू द्या.

राहिलेलं थोडक्यात. ब्रिटिश म्युझियमच्या स्कॅनना व्यापारी वापराची मोकळीक नाही. उद्या वाड्यात कॅफे काढायचा विचार असेल तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या खुल्या फाइली घ्या. अलीकडची व्यंगचित्रंही लावायची असतील तर, व्यंगचित्रकार डेव्हिड लो 1963 साली वारला, त्यामुळे भारतात त्याची चित्रं 2024 पासून कॉपीराइटमधून मोकळी आहेत. शंकर (मृत्यू 1989) आणि आर. के. लक्ष्मण (मृत्यू 2015) यांची नाहीत, ती नेटवरून उतरवून छापू नका. आणि फासावरचे धर्मगुरू देवघरासमोरच्या भिंतीवर नकोत. घरातली वडीलधारी माणसं तारीख वाचायला थांबणार नाहीत.