‘गॉसफर्ड पार्क’ पहिल्यांदा पाहताना

रॉबर्ट ऑल्टमनचा हा २००१ चा खुनाच्या रहस्याचा चित्रपट १३७ मिनिटांचा आहे. सबटायटल चालू ठेवूनच बघा. नटांच्या अंगावर वेगवेगळे माइक होते, त्यामुळे चार-चार जण एकाच वेळी बोलतात. सगळं ऐकू आलं नाही तरी रिवाइंड करत बसू नका, लय तुटते.

नवख्यांचा गोंधळ नावांवरून होतो. काळ नोव्हेंबर १९३२, इंग्लंडमधला बडा वाडा, शिकारीचा बेत. तळघरात पाहुण्यांच्या नोकरांना मालकाच्याच नावाने हाक मारतात. लेडी ट्रेंथमची मोलकरीण मेरी खाली ‘मिस ट्रेंथम’ होते. जेवायलाही नोकर मालकांच्या मानाप्रमाणेच बसतात. म्हणून मेरीला धरून राहा. तीही तिथे नवीनच आहे, तिला कळेल तसं तुम्हालाही कळत जातं.

खून अर्धा चित्रपट उलटल्यावर होतो. तोवर ‘काहीच घडत नाही’ म्हणून बरेच जण बंद करतात, आणि तिथेच फसतात, कारण खुनाची सगळी कारणं त्याच भागात पेरलेली आहेत. विषाच्या बाटल्यांवर कॅमेरा पुन्हा पुन्हा थांबतो, चांदीच्या भांड्यांतली एक सुरी हरवते. दिवाणखान्यात कोण बोलतंय यापेक्षा मागे ट्रे घेऊन उभा असलेला नोकर काय ऐकतोय ते पाहा. वरच्या मजल्यावरचं आपल्याला नोकरांच्या हजेरीतच दिसतं. इन्स्पेक्टरच्या भरवशावर मात्र राहू नका. हवालदार डेक्सटर पुरावे दाखवत राहतो, साहेब दुर्लक्ष करतात.

दुसऱ्यांदा जरूर बघा, तेव्हा नजर वाड्याच्या कारभारणीवर, मिसेस विल्सनवर ठेवा. त्या भूमिकेत हेलन मिरनचं काम अप्रतिम आहे.