जखमी पक्ष्यांवर उपचार : हळव्या मुलीला झेपेल का?

प्रश्न : माझी मुलगी अकरावी विज्ञान शाखेत शिकते. मांज्याने पंख कापलेली एक घार तिने संक्रांतीला वन विभागाच्या स्वाधीन केली. ती पुन्हा उडणार नाही, हे कळल्यावर मुलगी दोन दिवस धड जेवली नाही. आता तिला जखमी वन्य पक्ष्यांवर उपचार करण्याचेच काम करायचे आहे. एवढ्या हळव्या मुलीला ते झेपेल का, आणि त्यावर पोट भरेल का? – एक आई, नागपूर

उत्तर :

आदरणीय ताई,

आपला पहिला प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. पक्ष्याच्या पंखात खांद्यापासून मनगटापर्यंत त्वचेचा पातळ पडदा ताणलेला असतो. नायलॉनच्या मांज्याने तो आणि त्याच्या कडेची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरीसारखी पट्टी) तुटली, तर टाके उत्तम बसूनही पंख पुरता उघडेलच असे नाही. हाडाच्या मधोमध झालेला अस्थिभंग पक्ष्यांमध्ये बहुधा काही आठवड्यांत जुळतो, मात्र सांध्याजवळचा भंग भरला तरी सांधा आखडून बसतो. जखम बरी झाली एवढ्याने घार मोकळी सोडता येत नाही. तिला भक्ष्यावर झेप घेता आली पाहिजे, नाहीतर आपण तिला उपासमारीकडेच धाडतो. म्हणूनच कधी कधी वेदनारहित मरण देण्याचा निर्णय पशुवैद्यकाला घ्यावा लागतो, आणि हे आपल्या मुलीला आजच स्पष्ट सांगावे, असे मला मनापासून वाटते. वाईट वाटणे ही अपात्रता नव्हे. त्या दुःखातही पुढच्या पक्ष्याच्या औषधाची मात्रा चुकू न देणे सरावाने जमते.

याहून कठीण आहे ते माया आवरणे. माणसाला सरावलेले पिल्लू रानात टिकत नाही, त्यामुळे पिंजरा झाकून, न बोलता, कमीत कमी वेळा हात लावून त्याची देखभाल करावी लागते. रोजचे काम म्हणजे पिंजरे धुणे, मांसाचे तुकडे करणे, ग्रॅममध्ये वजन करून नोंदी ठेवणे. ज्याला पक्षी कुरवाळायचा आहे, त्याने या वाटेला जाऊ नये.

शिक्षणाचे म्हणाल, तर बारावीला जीवशास्त्र ठेवून ‘नीट’ द्यावी आणि पशुवैद्यकीय पदवी घ्यावी. आंतरवासितेसह ती साडेपाच वर्षांची आहे. पदवीशिवायही देखभाल आणि सुटका पथकात काम मिळते, परंतु शस्त्रक्रिया करता येत नाही. नागपुरात राहण्याचा लाभ मोठा आहे : पशुवैद्यकीय महाविद्यालय, गोरेवाड्याचे वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र आणि सेमिनरी हिल्सचे वन विभागाचे उपचार केंद्र, सारे आपल्याच शहरात आहे. अठरा वर्षांखालील मुलांना पक्षी हाताळू देतीलच असे नाही, तरी तेथे जाऊन काम पाहण्याची परवानगी मागावी.

पैशाबाबत खोटी आशा दाखवणार नाही. बरीच बचाव केंद्रे स्वयंसेवी संस्था चालवतात किंवा तेथील नेमणुका कंत्राटी असतात, आणि मानधन बेताचे असते. पदवी हातात असेल, तर पशुसंवर्धन विभागातील नोकरी किंवा स्वतःचा दवाखाना हे आधार राहतात. म्हणूनच मी पदवीचा आग्रह धरतो.

तोवर जखमी पक्षी दिसला, तर त्याला हवेशीर, अंधाऱ्या खोक्यात ठेवून वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. चोचीत पाणी ओतू नये, कारण श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते आणि पाणी थेट फुप्फुसात जाऊ शकते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 असल्याने, कितीही जीव लागला तरी तो पक्षी घरी ठेवून घेऊ नये.