कोपीवरून शाळेत येणारी पोरं

प्रश्न : ताई, मी सांगली जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत शिकवते. साखर कारखाना सुरू झाला की बीडकडच्या ऊसतोड कामगारांची सात-आठ मुलं कोपीवरून, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपड्यांवरून, आमच्याकडे येतात. मुलांच्या आरोग्य तपासणीचं पथक ऑगस्टमध्येच येऊन गेलं. आत्ता एक मुलगी रात्रभर खाजवते आणि वर्गात झोपते, दुसरीची आई म्हणते लसीचं कार्ड गावाकडं राहिलं. कोणाला सांगू?

उत्तर : बाई, बरं झालं विचारलंत. मी अशाच पथकात नर्स आहे. ही तपासणी ज्यात होते तो राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, आम्ही अंगणवाडीत वर्षातून दोनदा जातो पण शाळेत एकदाच, मग होतं काय की तुमच्याकडे पथक येतं तेव्हा पोर बीडला असतं आणि तिकडे जानेवारीत पथक गेलं तर पोर तुमच्याकडे. दोन्हीकडची रजिस्टरं पूर्ण, पोराला मात्र कोणीच बघितलेलं नाही.

म्हणून पुढच्या तपासणीची वाट बघू नका, उपकेंद्राच्या नर्सताईला आजच फोन करा, आणि कोपीवर संध्याकाळीच यायला सांगा कारण दिवसभर आईबाप उसाच्या फडात असतात. त्या मुलीला बहुतेक खरूज असेल, तसं निघालं तर एकटीला मलम देऊन काही उपयोग नाही, एका कोपीत सगळे चिकटून झोपतात, घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी मलम लावायचं आणि कपडे-अंथरुणं गरम पाण्यात धुवायची. पाणीच लांबून आणावं लागत असेल तर टोळीच्या मुकादमाशी बोलावं लागतं, ते पण आमचंच काम आहे असं मी मानते.

कार्ड नाही म्हणून कुठल्याही पोराला लसीशिवाय परत पाठवायचं नसतं. आईला गावच्या आशाताईला फोन लावायला सांगा, ती रजिस्टर बघून सांगते. कुठेच नोंद सापडली नाही तर वयाप्रमाणे डोस देतात, सरकारी केंद्रात सगळं फुकट. १० आणि १६ वर्षांचा टीडीचा, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाच्या लसीचा, डोस तर अजिबात चुकवू नका, ही मोठी पोरं फडात कोयता हातात घेतात हो.

जंताची गोळी १० फेब्रुवारीला असते म्हणजे ऐन हंगामात, त्यांची नावं यादीत आधीच घाला. लोहाची गोळी दर आठवड्याला, खिचडी खाऊन झाल्यावर, तुमच्या समोर.

मागे एका मुलाच्या छातीत वेगळा आवाज लागला, आम्ही मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली, आणि चार दिवसांत टोळी दुसऱ्या कारखान्याला गेली. चिठ्ठी हरवली, आम्हाला ते पोर परत सापडायला दुसरा हंगाम लागला. तेव्हापासून मी प्रत्येक चिठ्ठीचा फोटो आईच्या नाहीतर मुकादमाच्या मोबाईलवर आणि तिकडच्या आशाताईला पाठवते. तुम्ही पण मार्चमध्ये टोळी निघायच्या आत वजन, डोस, औषध सगळं एका कागदावर लिहून त्याचा फोटो असाच पाठवून द्या.