घाटात गाडी तापते

प्रश्न : जुन्या ट्रॅव्हलरमध्ये गाद्या, शेगडी टाकून आम्ही आठ जण दर्यापूरहून चिखलदऱ्याला निघालो. परतवाडा सुटला अन् घाटात काटा लाल झाला. मामांनी विहिरीचं पाणी ओतलं, पुन्हा तेच. काय करावं?

उत्तर : ताई, मामांचा हात वाचला हेच खूप! रेडिएटरमधलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून शंभर अंशांवरही उकळत नाही. झाकण फिरवलं की अंगावर उसळतं. माझ्या मनगटावर डाग आहे अजून. गाडी गार झाल्यावर आधी झाकणाचं रबर पाहा. ते गेलं असेल तर दाब टिकत नाही. मग पट्टा, नळ्या. अन् तुमचा भाग खारपाणपट्ट्यातला, ते पाणी रेडिएटरात क्षार धरतं. आतून धुवून घ्या, कूलंट भरा. घाटात एसी बंद ठेवा. मुलं कुरकुरतील, कुरकुरू द्या.