कात्री नको, सुई नको : वाचकांचे प्रश्न

आईच्या इरकली आणि एक पैठणी कपाटात आहे. मुलीला लग्नात घागऱ्यासारखं काही घालायचंय, पण साडी कापायचा धीर होत नाही. नुसती नेसून घेर येतो का? (सोलापूर)

छान येतो, फक्त आधी माप घ्या. साडेपाच मीटर साडीतले सव्वादोन मीटर पदरासाठी सोडा. उरलेल्या सव्वातीन मीटरच्या कमरेभोवती बारा निऱ्या बसतात. प्रत्येक निरी 10 सेंटिमीटर खोल आणि दोन निऱ्यांत 7 सेंटिमीटर अंतर धरलं तर एका निरीला 27 सेंटिमीटर कापड जातं आणि 84 सेंटिमीटरची कंबर भरते. कंबर 96 असेल तर निऱ्या बाराच ठेवा, अंतर 8 आणि खोली साडेनऊ करा. कापड तेवढंच लागतं.

परकर सुती हवा, नाडी घट्ट. सॅटिनच्या परकरावरून जड साडी तासाभरात खाली सरकते, मग निऱ्या कितीही नेटक्या असोत. पायात जे घालणार ते आधीच घाला, नाहीतर काठ एक तर जमिनीवर लोळेल किंवा घोट्याच्या वर राहील. उजव्या कुशीला साडीचं आतलं टोक खोचा, पोटावरून डावीकडे आणि मागून फिरत परत उजवीकडे या. प्रत्येक निरीचं तोंड एकाच दिशेला ठेवा. तिथून पदर समोरून डाव्या खांद्यावर. घेर मागे कमी आणि पुढे जास्त झाला, तर पुढच्या निऱ्या घाईत खोल घेतल्यात असं समजा. कमरेवर आधी खडूने चार खुणा करा (पुढे, मागे, दोन कुशी) आणि प्रत्येक भागात तीन निऱ्या बसवा.

आता पिनांचं. दर तिसऱ्या निरीला एक पिन पुरे, तीही आतून, परकराच्या पट्टीसकट. जरीवर पिन लावू नका. तार एकदा उचकटली की ती ओढ पुढे पसरत जाते. रेशमावर पिन लावायचीच असेल तर मागे जुन्या सुती कापडाचा बोटभर तुकडा ठेवा, म्हणजे ताण एकाच धाग्यावर येत नाही. पिनेच्या गोल वेटोळ्यात कापड अडकून फाटतं, म्हणून पिन लावण्याआधी तिच्यात एक मोती ओवून वेटोळ्यापर्यंत सरकवा. इरकलीत आणखी एक जागा सांभाळायची. साडीच्या अंगाचे आणि टोपपदराचे (म्हणजे तिच्या पदराचे) ताणे, म्हणजे उभे धागे, विणतानाच एकमेकांत अडकवून जोडलेले असतात. तो जोड खांद्यावर, पिनेखाली येऊ देऊ नका. पैठणी बऱ्याच वर्षांची असेल आणि घडीच्या रेघेवर जरीची तार काळवंडलेली किंवा तडकलेली दिसली, तर तिला या घेराच्या भानगडीत घालूच नका. इरकल वापरा.

सहावारी साडीची नऊवारी नेसता येते म्हणतात. खरं का? (बडोदा)

येते, पण कमी कापडात. नऊवारी सव्वाआठ मीटरच्या आसपास असते. सहावारीत पावणेतीन मीटर कमी पडतात. ही तूट पुढच्या निऱ्यांतून आणि पायांच्या झाकणातून वजा होते. त्यामुळे आत साडीच्याच रंगाची घोट्यापर्यंतची लेगिंग हवी. परकर नको.

साडी मागून कमरेभोवती घ्या. साधं टोक पुढे एका बाजूला दीड मीटर मोकळं सोडा, पदराची बाजू दुसरीकडे. वरच्या काठांची बेंबीपाशी घट्ट गाठ मारा. ही गाठच सगळं पेलते, म्हणून ती सैल वाटली तर पुढे जाऊ नका, सोडून परत मारा. पदराची बाजू मागून फिरवून समोरून डाव्या खांद्यावर न्या आणि जास्तीचं कापड गाठीखाली तीन-चार निऱ्यांत खोचा. शेवटी मोकळ्या टोकाच्या निऱ्या करून पायांमधून मागे काढा आणि मधोमध खोचा, हा कासोटा. खोचायच्या आधी एकदा उकिडवं बसून बघा. उभं राहून ताणलेला कासोटा बसताना सुटतो, आणि तो नेमका पंगतीत सुटतो.

सुळसुळीत जॉर्जेटवर हा प्रयोग करू नका, गाठ टिकत नाही. खळ दिलेली सुती किंवा सुती-रेशीम साडीच घ्या.

इस्त्रीने चिकटणाऱ्या टेपने कुर्त्याची उंची कमी केली. पहिल्याच धुण्यात सुटली. (नाशिक)

बहुतेक वेळा दोनपैकी एक कारण असतं. कापड कोरं होतं, त्यातली खळ निघालेली नव्हती. किंवा इस्त्री नेहमीसारखी पुढेमागे फिरवली. कुर्ता आधी धुऊन वाळवा, कपडे मऊ करणारं द्रावण घालू नका. दुमड पाडून आत टेप ठेवा, वर ओलसर पातळ कापड, आणि इस्त्री एका जागी दहा ते पंधरा सेकंद दाबून धरा. मग उचला आणि पुढच्या जागी ठेवा. पूर्ण गार होईपर्यंत हलवू नका. गरम असताना ओढलं तर डिंक पकडतच नाही.

सुती आणि पॉलिस्टर-सुती कापडावर ठीक चालतं. पातळ जॉर्जेटवर डिंकाचे डाग बाहेर उमटतात. रेशमी साडीला तर लावूच नका: रेशमाला सोसेल इतक्या उष्णतेत डिंक नीट वितळत नाही आणि काढताना खूण राहते.

जुनी पोलकी घट्ट झाली आहेत. त्यांच्या साड्या तशाच पडून आहेत. (ठाणे)

पोलक्याऐवजी अंगाला बसणारा टॉप किंवा शर्ट घाला. शर्ट परकरात खोचला की पोट फुगतं, म्हणून त्याची खालची दोन टोकं पुढे गाठ मारून बांधा आणि साडी गाठीच्या खाली नेसा. जाड सुती साडीबरोबर कॉलरचा शर्ट शोभतो, शिफॉनबरोबर नाही.

चौकोनी स्टोल आणि ओढण्या खूप आहेत. त्यांचं जॅकेट कसं करायचं? (कोल्हापूर)

एक मीटरचा चौरस स्टोल मधोमध दुमडा. डाव्या बाजूची खालची दोन टोकं एकमेकांना बांधा, तशीच उजव्या बाजूची. गाठीच्या वर उरतं ते हाताचं भोक. हात घालून दुमड मानेमागे घ्या. ओढणीचं असं करू नका; ती सव्वादोन मीटर लांब असते, बाह्या गुडघ्यापर्यंत लोंबतात. ओढणी मानेमागून दोन्ही खांद्यांवर समोर सोडा आणि वरून पातळ पट्टा लावा, लांब जॅकेटसारखी दिसते. पट्ट्याखाली ओढणी पसरून घ्या, गोळा राहिला तर कंबर दुप्पट दिसते.

सलवार-कमीजचे संच मोडून एकमेकांत मिसळावेत का? (पणजी)

जरूर. चार कुर्ते, तीन सलवारी, तीन ओढण्या म्हणजे कागदावर 36 जोड्या होतात, पण नीट दिसणाऱ्या त्याहून पुष्कळ कमी. छापील कुर्त्यातला सर्वांत कमी वापरलेला रंग शोधा आणि ओढणी त्या रंगाची घ्या. पांढऱ्यात फसायला होतं: सायीचा पांढरा आणि निळसर पांढरा शेजारी आले की एक मळका दिसतो. काळ्याचंही तेच, धुऊन विटलेला काळा कोऱ्या काळ्याशेजारी करडा वाटतो. जोडी ट्यूबलाइटखाली ठरवू नका, खिडकीपाशी दिवसा बघा.