जुना डेस्कटॉप अचानक बंद पडतो, फॉरमॅट मारूनही तेच. दोष कुठे शोधायचा?

२०१३ चा असेंबल्ड पीसी, तिसऱ्या पिढीचा आय-३, एच६१ मदरबोर्ड, ६०० व्हीएचा यूपीएस. कधी दहा मिनिटांत, कधी दोन तासांनी पंख्यांसकट सगळं गप्प होतं आणि दुकानदाराने फॉरमॅट मारून दिलं तरी फरक नाही, असं तुम्ही लिहिलंय. विंडोज क्रॅश झाल्यावर दिसणारी निळी स्क्रीन न येता असं होत असेल तर विंडोजला दोष देण्यात अर्थ नाही. पुन्हा फॉरमॅट मारू नका. आधी महत्त्वाच्या फाइल्स बाहेरच्या डिस्कवर घ्या, कारण लिहिणं चालू असताना वीज गेली की फाइल्स खराब होतात.

मग स्टार्टवर राइट-क्लिक करून इव्हेंट व्ह्युअर उघडा. विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. तिथे ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी लाल नोंद सापडेल. ती पाहून लोक घाबरतात, पण ‘मागच्या वेळी नीट शटडाऊन झालं नाही’ यापलीकडे ती काही सांगत नाही. कामाची गोष्ट तिच्या डीटेल्समध्ये असते: बगचेककोड, म्हणजे निळ्या स्क्रीनचा एरर क्रमांक. तो शून्य असेल तर निळी स्क्रीन नोंदलेली नाही, म्हणजे वीज तुटली, नाहीतर बोर्डाने स्वतः तोडली. शून्य नसेल तर रॅम, ड्रायव्हर, डिस्क अशा दिशेने जायचं.

शून्य असेल असं धरून चालतो. पहिली चाचणी फुकटची आहे. यूपीएस बाजूला काढा आणि पीसी दोन दिवस थेट भिंतीच्या थ्री-पिन सॉकेटवर चालवा. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत थकते. मग फ्रिज किंवा पाण्याची मोटर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर पडलं की यूपीएस बॅटरीवर जायला बघतो आणि तिथेच मान टाकतो. पीसी बिचारा निर्दोष. पॉवर कॉर्ड एसएमपीएसमध्ये (पीसीच्या आतला, सगळ्या भागांना वीज देणारा डबा) ढिली बसत असेल तर तीही बदलून बघा.

तरी बंद पडला तर उष्णता. एचडब्ल्यूइन्फो हा तापमान दाखवणारा प्रोग्रॅम टाका, सेन्सर्स उघडा आणि फाइलमध्ये लॉगिंग चालू ठेवा. पीसी पडला की पुन्हा सुरू करून त्या फाइलची शेवटची ओळ वाचा. प्रोसेसर ९५ अंशांच्या पुढे असेल तर चोर सापडला. ५५–६० वर असताना पडला असेल तर निदान प्रोसेसरच्या उष्णतेचा विषय तिथेच संपला. (त्याच प्रोग्रॅममध्ये दिसणाऱ्या १२ व्होल्टच्या आकड्यावर मात्र विसंबू नका, तो बऱ्याचदा चुकीचा असतो.)

प्रोसेसरवर बसवलेल्या इंटेलच्या कूलरला चार प्लास्टिकच्या पुश-पिन असतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्यातली एखादी सुटते आणि कूलर एका बाजूने उचलला जातो. वरून सगळं ठीक दिसतं, म्हणून बोर्डाच्या मागून चारही पिनांची टोकं पूर्ण बाहेर आली आहेत का ते पाहा. कूलर काढलाच तर प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली वाळलेली पेस्ट आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून नवी लावा. तुरीच्या दाण्याएवढी मधोमध पुरते, कूलर दाबला की ती आपोआप पसरते. पिना तिरप्या समोरासमोरच्या (कर्णावरच्या) जोडीने दाबा. धूळ ब्लोअरने उडवताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा.

उष्णता नाही, यूपीएस नाही, तर माझा पहिला संशय एसएमपीएसवर. दहा वर्षांच्या स्वस्त एसएमपीएसमधले कपॅसिटर थकतात आणि लोड वाढला की तो शरण जातो. डब्यावरच्या ‘४५० वॅट’ला भुलू नका, लेबलवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर आहेत ते पाहा. १४ अँपिअर असतील तर १२ व्होल्टवर जेमतेम १६८ वॅट मिळतात. ५५ वॅटच्या आय-३ला ते पुरतात, वेगळं ग्राफिक्स कार्ड लावलं असेल तर ओढाताण. पीसी चालू ठेवून, काहीतरी जड काम लावून, मोकळ्या चार-पिनी कनेक्टरवर मल्टिमीटर लावा. काळ्या-पिवळ्यामध्ये ११.४ ते १२.६ व्होल्ट, काळ्या-लालमध्ये ४.७५ ते ५.२५. आकडा बाहेर गेला तर एसएमपीएस बदला. आकडा बरोबर आला तरी तो सुटला असं नाही, कारण क्षणभराची पडझड साध्या मीटरला दिसतच नाही. ओळखीच्या कुणाचा चांगला एसएमपीएस दोन दिवस लावून बघणं हीच खरी परीक्षा. डबा उघडायचा मोह टाळा. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो.

एक वेगळं लक्षण लक्षात ठेवा. सुरू केल्यावर बरोबर चार-पाच सेकंदांत बंद होत असेल तर कॅबिनेटचं पॉवर बटण आत अडकलेलं असू शकतं. बोर्डावरून पॉवर स्विचची दोन पिनांची वायर काढून त्या जागी रीसेटची वायर लावा आणि रीसेट बटणाने सुरू करून बघा.

रॅमने पीसी सहसा असा बंद पडत नाही; हँग होतो, बीप देतो, निळी स्क्रीन दाखवतो. तशी लक्षणं असतील तर रॅमची एकेक स्टिक लावून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवा. एकही एरर चालत नाही. रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने घासण्यापेक्षा कापडावर अल्कोहोल घेऊन पुसा. बोर्डावरचा सीआर २०३२ सेल बदलून मात्र काही होणार नाही, तो गेला की फक्त घड्याळ आणि बायॉसची सेटिंग्ज जातात.

हे सगळं करूनही पडला तर बोर्ड. प्रोसेसरभोवतीच्या कपॅसिटरची टोपी फुगली असेल किंवा तपकिरी गळती दिसली तर बोर्ड संपला असं समजा. त्यावर खर्च करू नका: हा प्रोसेसर विंडोज ११च्या अधिकृत यादीत नाही आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. चांगला एसएमपीएस आणि एसएसडी पुढच्या पीसीत चालतील, डीडीआर३ रॅम चालणार नाही. दुकानदार ‘आणखी ४ जीबी टाका’ म्हणाला तर तेवढं टाळा.